केवलरामला बिब्बा सोसत नाही

भिलाईच्या खुर्सीपारमधल्या त्या क्वार्टरांच्या ओळीत थंडी पडली, बायकांच्या टाचा फुटल्या, की सगळ्या मागच्या दारानं एकाच घरी यायच्या. पुढचं दार केवलरामचं. तो प्लांटच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. मागचं दार त्याच्या विधवा वहिनीचं, शेवंताबाईचं. ती अंगणात पाट टाकून बसायची, चिमणी पेटवायची, दाभणाला बिब्बा टोचून ज्योतीवर धरायची आणि तेल सुटलं की भेगेत नेमका थेंब सोडायची. बाई "आई गं" करून पाय ओढायला जायची, तोवर शेवंताबाईचा डावा हात घोट्यावर घट्ट बसलेला असायचा. "ओरडून कावून राहिली वो? लेकरं काय मुक्यानं जनली का?" आठवड्याभरात तीच बाई चपला फटफट वाजवत नळावर हजर.

ज्यांनी बिब्बा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. काळंभोर बी असतं, आणि आत जहाल तेल. कपड्याला लागलं तर डाग जन्मभराचा, कातडीला लागलं तर फोड. ज्याला सोसला त्याला औषध. ज्याला सोसला नाही त्याला तो उततो, म्हणजे तोंड सुजून भोपळा होतं, डोळे मिटतात. काही माणसांना म्हणे नुसत्या धुरानं उततो, कोणाला झाडाखालून गेलं तरी उततो. आजूबाजूचे छत्तीसगढी लोक याला भेलवा म्हणतात आणि हरेलीच्या सणाला त्याची फांदी दारात खोचतात. आपली विदर्भातली माणसं लिंबू-मिरचीसोबत ओवून दाराला टांगतात. भीती दोघांनाही सारखीच.

आणि केवलरामला बिब्बा सोसत नव्हता. हे अख्ख्या ओळीला माहीत होतं, कारण शेवंताबाईनंच ते शंभरदा सांगितलं होतं.

आमगावच्या पुढं धामनटोला नावाचं गाव, तिथं ती देवरावाची बायको होऊन आली तेव्हा हा दीर शेंबडा पोरगा होता. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून पोराचं नाक पुसण्यापासून सगळं या नव्या नवरीवर. एकदा ती त्याला जंगलात मोहं वेचायला घेऊन गेली. ती खाली वाकलेली, आणि या बाबानं तेवढ्यात बिब्ब्याचं फळ तोडून, पिकलेला भाग खाऊन, वर बी दातांनी फोडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पोराचं तोंड ओळखू येईना. ओठ फुटले, गालावर पाण्याचे फोड. तिनं चिंचेच्या पाल्याचं पाणी करून धू-धू धुतलं, तीळ-खोबरं वाटून थापलं, आणि सासरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. "याले मारायले नेलतं का जंगलात?" असं सासरा सगळ्यांसमोर बोलला. पोरगा बरा झाला. ते बोलणं मात्र शेवंताबाईच्या कानातून कधी गेलं नाही.

पुढं देवराव भिलाईला आला. कारखाना उभा राहत होता, माणसं लागत होती. नोकरी पक्की झाली आणि काविळीनं गेला. मूलबाळ नाही. माहेरच्यांनी म्हटलं परत ये, ती नाही म्हणाली. केवलरामला बोलावून घेतलं, आयटीआयमध्ये घातलं, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली, पोराला प्लांटमध्ये चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. इतकं झाल्यावर तिनं घराची चावी मथुराच्या, म्हणजे केवलरामच्या बायकोच्या, हातात दिली आणि स्वतःकडं फक्त चूल ठेवली. जेवण तीच वाढायची. मथुराला हे आवडायचं नाही, कोणत्या बाईला आवडेल? पण मथुरा म्हणायची, "जाऊ द्या, सासू नाही ना मले, एवढं तरी पायजे." घर बरं चाललं होतं. मोठी पोरगी नलू कॉलेजला जात होती, हिंदी फाडफाड बोलायची, शेवंताबाईला मोठीमाय म्हणायची. मोठीमाय म्हणजे चुलती, पण या घरात मोठीमाय म्हणजे मोठीमायच.

बिब्ब्याचं काम ती नेहमी अंगणात करायची. झालं की हात राखेनं घासायची, वर खोबरेल लावायची, लुगडं बदलायची आणि मगच चुलीकडं यायची. केवलरामच्या ताटाजवळ तर हात पुन्हा धुतल्याशिवाय नाही. इतकी वर्षं कधी काही झालं नाही.

मग ती गोळी आली.

सत्याण्णव सालची गोष्ट. केवलरामची रिटायरमेंट जवळ आलेली, मेडिकलमध्ये रक्त तपासलं, तर निघालं कोलेस्टेरॉल. घरात हा शब्द कोणाच्या तोंडात नीट बसेना. नलूनं समजावलं, "मोठीमाय, खून में चर्बी है. नस ब्लॉक होऊन जाते, मग हार्ट अटॅक." डॉक्टर चांगला होता, नीट बोलला. तेल कमी करा, तूप सोडा, आणि ही एक गोळी, नवीनच निघाली आहे, रोज रात्री जेवल्यावर, चुकवायची नाही. काही त्रास वाटला तर दाखवायला या. एवढं सगळं त्यानं सांगितलं. लक्षात काय राहिलं? चुकवायची नाही.

आता केवलराम हा गोळी खाणारा माणूसच नव्हता. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड, जेवणाची वेळ ठिकाणावर नाही. मथुरा दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा विसरली. मग शेवंताबाईनं ते काम अंगावर घेतलं. गोळीचं पाकीट मिठाच्या बरणीशेजारी आलं. केवलराम जेवायला बसला की आधी ताटाच्या कडेला गोळी, मग पोळी-भाजी, आणि गोळी पोटात गेल्याशिवाय शेवटचा भात नाही.

"अवो वयनी, मी काय लहान आहो का?"

"लहान असता तं झापड मारून दिली असती. खाय मुकाट्यानं."

केवलराम हसून गिळायचा. नलू म्हणायची, "पापा डरतात फक्त मोठीमायला." शेवंताबाईला त्या दिवसांत फार बरं वाटायचं, हे खरं. देवराव गेला तेव्हा तिला काही करता आलं नव्हतं. या खेपेला काहीतरी करता येत होतं. माणसाच्या रक्तातली चरबी तिच्या हातून उतरत होती.

थंडी सुरू झाली, अंगणात बायका येऊ लागल्या, आणि एका सकाळी केवलराम उठला तो वरचा ओठ सुजवून. केळ्याएवढा ओठ. नलू आधी हसली, मग गप्प झाली. शेजारची गिरजाबाई साखर मागायला आली होती, तिनं एकदा पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"बिबा उतला. काल नाही का, माझीच टाच केली शेवंताबाईनं?"

सगळ्यांनी शेवंताबाईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं ते जंगलातलं पोरगं उभं राहिलं. तिनं चिंचेचा पाला आणवला, पाणी उकळलं, पण तोंड धुवायला स्वतः पुढं झाली नाही. मथुराला म्हणाली, "तू धू. माझा हात नोको." आणि एक काम मथुरानं केलं, जे आपल्याकडं कोणीही केलं असतं. बिब्बा म्हणजे उष्ण, सूज म्हणजे उष्णता, आणि इंग्रजी गोळ्या तर सगळ्याच उष्ण. म्हणून सूज उतरेस्तोवर तिनं गोळी बंद ठेवली. दोन दिवसांत ओठ जागेवर आला. चिंचेच्या पाल्याला यश मिळालं. डॉक्टरकडं कोण कशाला जातो? बिब्बा उतला तर डॉक्टर काय करणार, तो तर असल्या गोष्टीला हसतो.

ओठ बरा झाल्यावर शेवंताबाईनं गोळी पुन्हा ताटाच्या कडेला ठेवली.

दुसऱ्या खेपेला डोळे सुजले. दोन्ही पापण्या अशा फुगल्या की केवलराम भिंत धरून मोरीत गेला. ड्यूटी बुडाली. मधल्या काळात शेवंताबाईनं दोनच बायकांच्या टाचा केल्या होत्या, त्याही गिरजाबाईच्या अंगणात जाऊन. तरी तिनं घरातले सगळे बिब्बे गोळा केले, चिमणी आणि दाभणासकट फडक्यात बांधले आणि नाल्यात नेऊन टाकले. त्या रात्री ती जेवली नाही. बायका आल्या तर तिनं मागचं दार उघडलं नाही. ओळीत कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या टाचा तिनं वर्षानुवर्षं सांधल्या त्याच म्हणू लागल्या, बाई, आपल्यालाही कधी उतला असता तर? माणसाची जात मोठी पक्की असते या बाबतीत. टाच बरी झालेली आठवत नाही, न झालेला फोड आठवतो.

एक गोष्ट शेवंताबाईच्या ध्यानात आली होती. बिब्बा उतला की खाज सुटते, माणूस ओरबाडून घेतो, फोड येतात, त्यातून पाणी गळतं. केवलरामला यातलं काही नव्हतं. नुसती गुळगुळीत सूज. ती मथुराला म्हणालीही, "बाई, फोड नाही येऊन राहिले ना?"

मथुरा ताडकन बोलली, "मंग काय फोड यायची वाट पाहू का मी?"

त्यानंतर शेवंताबाईनं तो विषय काढला नाही. काढायला हवा होता. पण ज्याच्यावर आधीच एकदा "मारायले नेलतं का" असा आळ येऊन गेला आहे, तो माणूस स्वतःच्या बाजूनं किती बोलणार? तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की हे आपल्या हातात भिनलं आहे. इतकी वर्षं ते तेल बोटांनी हाताळलं, नखांत गेलं, कातडीत मुरलं. राखेनं घासून कातडीच्या आतलं कसं निघणार?

मथुरानं दाराचं लिंबू-मिरची उतरवलं, त्यातला बिब्बा काढून फेकला. केवलरामच्या लूनाच्या हँडलला बांधलेला काढला. तेवढ्यानं भागेना म्हणून शेवंताबाईची पेटी उघडली. पेटीत दोन लुगडी, देवरावाचा एक फोटो, एवढंच. मथुरानं लुगडी झटकून पाहिली. शेवंताबाई दारात उभी राहून पाहत होती. मथुरा काही वाईट बाई नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. नवऱ्याचं तोंड रोज सकाळी कसं दिसेल या धास्तीनं तिची झोप उडाली होती. भ्यालेलं माणूस पेट्या उघडतं.

चुलीचं सगळं मथुरानं आपल्याकडं घेतलं. शेवंताबाईच्या हाती उरली फक्त गोळी. तिनंच मागून घेतली. "मी ताटाले हात नाही लावत. दुरून ठेवतो. पण तू विसरशील, मथुरा." पाकिटातून गोळी ती चमच्यावर पाडायची, चमचा पाटाजवळ सरकवायची. बोट लागू द्यायची नाही.

तिसऱ्या खेपेला ओठ, गाल आणि जीभ. केवलरामला बोलता येईना, लाळ गळायला लागली. मथुरानं हंबरडा फोडला.

"कुठी लपवून ठेवला हो बाई तुमी तो बिबा? माह्या कुंकवावर कावून उठल्या? तुमचं तं गेलं, आता माहं पण घेता का?"

नलू रडत म्हणाली, "मम्मी, ऐसा मत बोलो ना." शेवंताबाई मथुराकडं बघत नव्हती. ती केवलरामकडं बघत होती. त्याला बोलता येत नव्हतं, हे बरोबर. पण मान हलवता येत होती. हात उचलता येत होता. त्यानं दोन्हीपैकी काही केलं नाही, खाली बघत राहिला. तिथंच तिचं त्या घरातलं संपलं.

दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली तशी ती म्हणाली, "मी जातो धामनटोल्याले. तेजराम हाय तिथं." तेजराम तिच्या भावाचा पोरगा. लग्न झाल्यावर तो त्याच गावात शेती करायला आला होता. केवलराम बोबडं बोलला, "थोडे दिवस जाय वयनी. थंडी सरली की ये." थंडीचं आणि तिचं काय नातं? पण त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं पावर हाऊस स्टेशनवर तिला गोंदियाच्या गाडीत बसवून दिलं, खिडकीतून केळी दिली. केळी तिनं आमगावपर्यंत मांडीवर तशीच ठेवली.

आणि मग झालं ते असं, की सूज गेली. पुन्हा आलीच नाही.

तेजरामकडं शेवंताबाईला पडवीत जागा मिळाली. त्याची बायको वाईट नव्हती, पण हिच्या हातात बिब्बा भिनला आहे असं तिलाही कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या घागरीला हात लावू देत नव्हती. शेवंताबाई शेण उचलायची, अंगण झाडायची, आणि मनाशी रोज एकच विचारायची, माझ्यामुळं होतं का रे देवा? होळीनंतर तेजराम भिलाईला जाऊन आला. त्यानं सांगितलं, "आत्याबाई, भाऊजी टामटूम हाय. तुमी आल्यापासून एकदाही नाही सुजले."

ऐकून तिच्या जिवात जीव आला, आणि त्याच घटकेला तो गेलाही. केवलराम बरा आहे. म्हणजे मीच होते. आता कोणाला विचारायचं काही उरलं नाही. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यानंतर तेजरामच्या पोरांनी आजी म्हणून अंगावर उडी घेतली तरी ती हात बाहेर काढायची नाही.

खरी गोष्ट काय होती? शेवंताबाई गेली त्या दिवसापासून त्या घरात गोळी कोणी खाल्लीच नव्हती. पाकीट मिठाच्या बरणीमागं पडून होतं. मथुरा विसरली, केवलराम तर विसरायला टपलेलाच. आठवण करून देणारं माणूस गाडीत बसून गेलं होतं. घरातल्या कोणाला हे दोन आणि दोन जोडता आले नाहीत. नलू तर सायन्सला होती, पण घरात एकदा बिब्बा म्हटलं की मग सायन्सही बिब्ब्यामागून चालतं.

तेजराम पुढच्या खेपेला भिलाईला निघाला तेव्हा त्याची बायको म्हणाली, काही पाठवायचं का? पोहे, लाखोळीची डाळ? शेवंताबाईनं नको म्हणून मान हलवली. तिच्या हातचं तिला काही पाठवायचं नव्हतं. पण तेजराम फाटकाबाहेर पडता पडता तिनं त्याला थांबवलं.

"मथुराले एक सांगजो. माही शपथ घालून सांगजो. केवलची रातची गोळी चुकवू नोको म्हणा. त्याच्या रक्तात चरबी हाय. मी नाही तं कोणी देत नसन."

तेजरामनं निरोप जसाच्या तसा पोचवला. मथुराच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जिला असं बोलून घालवलं ती तिकडं बसून याच माणसाची काळजी करते आहे. तिला लाज वाटली, फार वाटली. तिनं बरणीमागचं पाकीट काढलं आणि त्याच संध्याकाळपासून ताटाच्या कडेला गोळी ठेवायला सुरुवात केली, अगदी शेवंताबाई ठेवायची तशी, आधी गोळी, मग भात. "जाऊबाईची शपथ हाय," ती म्हणायची, आणि केवलराम काही न बोलता गिळायचा. त्यालाही आतून काहीतरी खात होतं.

पुढचं नलूनं सांगितलं. गोळी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. रविवार होता, केवलराम घरीच होता. दुपारी त्यानं गळ्याला हात लावला आणि म्हणाला, काहीतरी अडकलं. बघता बघता ओठ, जीभ, मान. आवाज बंद झाला. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला आणि ओठ निळे पडले. या वेळी चिंचेचा पाला आणायला कोणी गेलं नाही. गिरजाबाईच्या नवऱ्यानं कोणाची तरी जीप आणली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना तोंडातून नळी घालता येईना इतकं आत सुजलेलं. गळ्याला समोरून भोक पाडून नळी घातली, तेव्हा कुठं छाती हलली.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं नलूला बाजूला घेऊन विचारलं, "क्या खाया था? कोई नई दवाई चल रही है?" नलू म्हणाली, भेलवा की एलर्जी है. डॉक्टर म्हणाला, घर में भेलवा है? नलू म्हणाली, नाही, महिन्यांपासून नाही. हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि ती तिथंच बाकावर बसली. मग तिनं आठवून आठवून सगळं सांगितलं. गोळी कधी सुरू झाली, सूज कधी आली, सुजेत गोळी कोणी बंद केली, मोठीमाय कधी गेली. डॉक्टर ऐकत राहिला. क्वचितच होतं, तो म्हणाला, हजारोंमध्ये एखाद्याला. पण या गोळीनं अशी सूज येऊ शकते. आता आयुष्यात कधी द्यायची नाही.

केवलराम वाचला. नळी निघाली, गळ्यावर खड्डा राहिला, आवाज घोगरा झाला तो कायमचा. चालण्याइतका झाल्याबरोबर त्यानं गाडी पकडली. मथुराला आणि नलूला घेऊन धामनटोल्याला आला.

शेवंताबाई पडवीत तांदूळ नाही, कोंबड्यांचा कोंडा निवडत बसली होती. माणसांच्या खाण्याचं काही ती हाती घेत नव्हती. केवलरामला पाहून उठली, दोन पावलं पुढं आली, आणि गळ्यावरचा तो खड्डा दिसला तशी थांबली. मथुरा तिच्या पायांवर पडली. "बाई, माफ करा. माही जीभ झडो." शेवंताबाई मागं सरकली, मथुराला हात लागू नये म्हणून.

"वयनी, बिबा नव्हता," केवलराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुहा काहीच दोष नव्हता. गोळी होती ते. चरबीची गोळी. डॉक्टरनं सांगतलं. चाल आता घरी."

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. आता हिचा चेहरा उजळेल, रडेल, मथुराला पोटाशी धरेल, असं सगळ्यांना वाटलं. नलूनं तर आधीच हात पसरले होते.

"कोणती गोळी?" शेवंताबाई म्हणाली. "रातची?"

"हो."

"ते तं मीच देत होती."

नलूनं पसरलेले हात खाली घेतले.

"भात अडवून देत होती," ती म्हणाली. "आणि आता? आता कोणं देली? मी तं इथं होती."

मथुरानं मान खाली घातली. तेजराम कोपऱ्यात उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. शेवंताबाईनं त्या दोघांकडं पाहिलं आणि तिला कळलं.

"माही शपथ घालून देली," ती म्हणाली.

ती भिलाईला आली. आणली, असं म्हणा. केवलरामनं ऐकलंच नाही. तिच्या मनातलं जावं म्हणून तो तिला त्या तरुण डॉक्टरकडंही घेऊन गेला. डॉक्टर बिचारा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, हिंदीत हळूहळू समजावलं. अम्मा, इसमें किसी की गलती नहीं है. हजारों लोग खाते हैं, कुछ नहीं होता. किसी एक को होता है. आपको कैसे पता चलता? ती सगळं ऐकत राहिली, मान हलवत राहिली. उठता उठता तिनं नलूला विचारलं, "हजारातून एकाले होते म्हणते ना थो? मंग त्या एकाच्या ताटात ठेवाले मीच कशी भेटली?" नलूनं याचं हिंदी केलं नाही.

घरी मथुरानं चूल तिच्यापुढं केली. बरणीतलं मीठ, डब्यातलं तेल, सगळं हातात द्यायला गेली. तिनं घेतलं नाही. त्या संध्याकाळी केवलराम जेवायला बसला. पाट मांडला, ताट घेतलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "आज वयनीच्या हातचं खाईन. वाढ वयनी." शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. केवलराम ताट पुढं सरकवून थांबला. मथुरा थांबली. पोळ्या गार झाल्या.

"नलू," शेवंताबाई म्हणाली, "बापाले वाढ."